ताटात वावरातलं काय, ते दारावरच्या पाटीवर लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की आपल्या खान्देशात ‘शेतावर मुक्काम, चुलीवरचं जेवण’ अशा जाहिराती सुरू होतात. त्या वाचून आमच्यासारखी माणसं पिशव्या भरून निघतात. गेल्या तीन वर्षांत मी अशा दोन जागी राहून आलो. एका जागेहून मन खट्टू होऊन परतलो. दुसरीकडे जे पाहिलं ते चार लोकांपर्यंत पोचावं, म्हणून हे पत्र.

आधी माझी ओळख. जळगावच्या भाजीबाजारात एका अडतीवर मी ३१ वर्षं दिवाणजी होतो. पहाटे चारला गाळ्यावर हजर व्हायचं, लिलाव पुकारला की भाव टिपायचा, काट्यावरचं वजन लिहायचं आणि हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा करून शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी फाडायची. २०१६ च्या जुलैत सरकारनं शेतकऱ्याकडून अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, घेणं बंद केलं, तोवर अडतही त्यातूनच कापली जायची. वांग्याचा हंगाम भरात आला आणि भाव पडला की सगळं वजा जाता शेतकऱ्याच्या हातात चहा-नाश्त्यापुरते पैसे उरायचे. अशा पट्ट्या मी माझ्या हातानं लिहिल्या आहेत. पट्टी घेणारा माणूस आकड्याकडे एकदाच बघायचा, घडी करून खिशात घालायचा आणि आपली रिकामी कॅरेट मागायचा. तो चेहरा निवृत्तीनंतरही डोळ्यांसमोरून जात नाही.

या ३१ वर्षांत एक मात्र झालं, भाजी ओळखता येऊ लागली. वांगं शिळं व्हायला लागलं की देठाची टोपी आधी तपकिरी पडते, मग कडेनं सुटते. ताज्या वांग्याची टोपी हिरवीगार, अंगाला घट्ट बसलेली असते आणि तिचे काटे बोटाला टोचतात. भरताचं वांगं हातावर तोलून घ्यायचं. दिसायला मोठं पण हाताला हलकं लागलं तर आत बी कमी. बाजारात येणारं वांगं आदल्या दिवशी दुपारी तोडलेलं असतं, रात्री गाडीत बसतं, पहाटे लिलावात उभं राहतं आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी हातगाडीवर पाणी मारून ठेवलेलं असतं. आयुष्यभर वांग्यांच्या ढिगात उभा राहिलो, पण झाडावरून थेट जाळावर गेलेलं वांगं मी लहानपणी मामाच्या गावी खाल्लं, त्यानंतर नाही. म्हणून सुनेनं शेतावर राहायला जायचं म्हटलं तेव्हा मीच आधी तयार झालो.

पहिल्या जागेचं नाव मी लिहीत नाही, तालुकाही लिहीत नाही. दारावर मोठा फलक होता, शेतातून थेट ताटात. आत हिरवळ, झोपाळे, रंगवलेली बैलगाडी. रात्री ताटात भरीत आलं. पहिल्या घासाला बी लागलं आणि मागून कडवटपणा आला. मी कुणाला काही बोललो नाही. सकाळी फिरत फिरत स्वयंपाकघराच्या मागं गेलो, तर भिंतीला प्लास्टिकची कॅरेट रचून ठेवलेली आणि त्यांवर काळ्या रंगात गाळ्याची अक्षरं. ती अक्षरं मी ओळखतो. असली कॅरेट मोजून परत घेणं हे माझं रोजचं काम होतं. म्हणजे मी जळगावहून ४० किलोमीटर लांब येऊन आमच्याच बाजारातलं, दोन दिवसांचं वांगं, बाजाराच्या कितीतरी पट पैसे देऊन खाल्लं होतं.

मालकाला मी बाजूला घेऊन विचारलं. त्यानं नाकारलं नाही. म्हणाला, ‘आप्पा, पाहुण्यांना बाराही महिने सगळं लागतं. वावरात एका वेळी चार भाज्या निघतात. चार भाज्यांवर कोण राहतं?’

त्याचं उत्तर मला पटलं नाही, पण मी ते विसरलोही नाही. कारण त्यात आपण पाहुणेही आलोच.

दुसरी जागा यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडे. भुसावळपर्यंत रेल्वेनं आणि पुढं एसटीनं गेलो, तिथून त्या घरच्या मुलानं रिक्षा पाठवली. जानेवारीचा दुसरा आठवडा होता. मी, घरची मंडळी, सून आणि तिसरीतली नात. कुटुंबाचं नाव त्यांच्याच सांगण्यावरून लिहीत नाही. गर्दी झाली तर झेपणार नाही, असं त्या घरच्या ताई म्हणाल्या. एकूण सहा एकर जमीन. चार एकरांत केळी, दीड एकरात दादर ज्वारी आणि घराला लागून वीस-बावीस गुंठ्यांचा तुकडा, तो फक्त चुलीसाठी. राहायला तीन खोल्या, बाहेर ओटा, ओट्यासमोर चूल.

दारात शिरताना नातीचं लक्ष आधी गेलं. चौकटीला खिळ्यावर एक जुनी शाळेची पाटी टांगली होती, लाकडी कडांची. खडूनं, मुलीच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: आज वावरातलं वांगी, कांद्याची पात, लसूण, हिरवी मिरची, वालाच्या शेंगा, दादर, उडीद, केळी. खाली, गावातलं दूध, दही, शेंगदाण्याचं तेल. आणि त्याच्याही खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, बाजारातलं चहा, साखर, मीठ, तांदूळ, गहू, हळद.

संपादक महोदय, मी त्या पाटीसमोर बराच वेळ उभा राहिलो. एवढा स्वच्छ हिशेब मी कुठल्या पेढीच्या वहीत पाहिला नाही. बाजारातून काय आणलं, हे लपवायचं कारणच त्यांना वाटलं नव्हतं.

त्या ताईंना मी विचारलं, मेथी दिसते वाफ्यात, पाटीवर का नाही? त्या म्हणाल्या, ‘आप्पा, कालच खुडली. दोन दिस वाढू द्या तिले.’

संध्याकाळी आम्हीच वांगी तोडायला गेलो. फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची, एकेक जवळपास अर्ध्या किलोची. आपल्या जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी केळीलाही मिळालं, हे आपले वाचक जाणतात. बामणोद, आसोदा इकडच्या वांग्यांचं नाव तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. नातीनं एका झाडावरच्या सगळ्यात मोठ्या वांग्याला हात घातला, तेवढ्यात त्या घरच्या मोठ्या माय मागून म्हणाल्या, ‘पोरी, त्याले हात नको लावू. चिंधी बांधेल आहे ना, ते बियाचं आहे.’ खरंच, फांदीला जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी होती. असं एक वांगं झाडावरच पिवळं होईपर्यंत ठेवायचं, मग फोडून बी धुऊन घ्यायचं, राखेत घोळून सावलीत वाळवायचं आणि पुरचुंडी फडताळात टांगून ठेवायची. त्या बाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा माहेरहून आणलेलं बी अजून चालू आहे. मानांकनाचा कागद त्यांनी पाहिलेला नाही. वाण मात्र त्यांनीच राखला आहे.

भाजायला गॅस नाही, लाकूडही नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे वाळकी झाडं. ओट्याखाली मोकळ्या जागेत त्यांचा जाळ केला, वांगी त्यात टाकली आणि काठीनं फिरवत राहिले. पऱ्हाटीचा जाळ झपकन चढतो आणि झपकन उतरतो, म्हणून साल करपते पण आतला गर जळत नाही, फक्त मऊ होतो. वास असा सुटला की नात आईचा पदर सोडून जाळाजवळ जाऊन बसली. मग पाण्यात हात बुडवत साल काढली, गर लाकडी बडगीत, म्हणजे खोलगट भांड्यात, घातला, त्यात भाजलेली मिरची आणि लसूण, आणि मुसळानं ठेचलं. वर तेलात परतलेली कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी. दादरमध्ये सालासकट उडीद आणि खडेमीठ घालून दळलेलं पीठ. दादर तापीच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीत पावसाळ्यानंतरच्या ओलीवर येते, तिला वेगळं पाणी लागत नाही. त्या भाकरीचा पापुद्रा सुटताना जो वाफाळ वास येतो तो शहरातल्या पिठाच्या गिरणीत मला मिळत नाही.

बी एकदाही दाताखाली आलं नाही. गर गोडसर होता. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि घरच्या मंडळींनी मला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुणके आणि कढी, दुपारी वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, रात्री वालाच्या शेंगा. म्हणजे दोन दिवसांत तीन वेळा वांगं-वाल, वाल-वांगं. कुणाला हे कमी वाटेल. मला वाटलं नाही, पण त्याच रात्री ज्यांना वाटलं त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं, कारण माझ्या पत्राचं मूळ तिथं आहे.

दुसऱ्या संध्याकाळी एका मोठ्या शहरातून एक कुटुंब मोटारीनं आलं. चांगली माणसं, मुलं गोड. दोन रात्रींचं ठरवून आलेली. पाटी वाचली, हसली, फोटो काढला. जेवायच्या वेळेला मात्र पनीरची भाजी आणि मुलांसाठी बटाट्याचं काहीतरी करा, म्हणाले. ताईंनी सांगितलं की दोन्ही वावरात नाही, पण मुलांना दही-भाकरी, दूध-भात, केळीचं शिकरण करून देते. त्यांना ते पटलं नाही. ‘पैसे देतोय ना आम्ही?’ असं ते गृहस्थ म्हणाले. आवाज चढवून नाही, पण म्हणाले. ताईंचे यजमान मोटारसायकलची किल्ली घेऊन उभे राहिले, फैजपूरला जाऊन पनीर आणतो म्हणून. घरात कुजबुज झाली. मग मोठ्या माय बाहेर आल्या आणि मुलाला म्हणाल्या, ‘आज आणशीन तर उद्या पाटी पुसा लागीन.’ किल्ली परत खुंटीवर गेली.

ते कुटुंब सकाळी निघून गेलं. एका रात्रीचे पैसे दिले, दुसऱ्या रात्रीची खोली रिकामी राहिली. ताई दिवसभर काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी भाकरी थापताना एवढंच म्हणाल्या की, या महिन्यात अशी दुसरी खोली गेली.

आता मी दिवाणजी माणूस, हिशेब केल्याशिवाय मला झोप येत नाही. आमच्या चौघांच्या त्या भरताला दोन किलोच्या आसपास वांगी लागली. हंगाम भरात असताना बाजारात त्याचे शेतकऱ्याला ३०-४० रुपये आले असते, तेही भाडं-हमाली वजा जाण्याआधी. तीच वांगी ताटात वाढल्यावर त्यांच्या घरात कितीतरी पट आले आणि कुणाची पट्टी फाडावी लागली नाही. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पण हिशेबाची दुसरी बाजूही लिहितो. ताई साडेचारला उठतात. गावातल्या दोन बायका मदतीला येतात, त्यांची मजुरी आहे. वीस गुंठ्यांत एकाच वेळी बारा-पंधरा प्रकार लावायचे तर रोज खुरपं हातात लागतं. यजमान मला म्हणाले की तो तुकडाही केळीत घातला असता तर डोक्याला ताप कमी. केळीला बाग लावली की अकरा-बारा महिन्यांनी घड, व्यापारी बागेत येतो, ट्रक भरतो. मात्र भाव बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे बघून ठरतो आणि मे-जूनमधलं एक वादळ उभी बाग आडवी करतं. गेल्या काही वर्षांत त्यांची दोनदा केली. त्या वेळी घर या तीन खोल्यांवर आणि वीस गुंठ्यांवर निघालं.

पाण्याचंही तेच. सातपुड्याच्या पायथ्याचा गोट्या-वाळूचा पट्टा, ज्याला बझाडा म्हणतात, तो पावसाचं पाणी जमिनीत मुरवत आला आणि त्यावर रावेर-यावलच्या विहिरी चालल्या. उपसा वाढत गेला तशी यजमानांच्या वडिलांच्या वेळची विहीर आटली आणि आता सगळं कूपनलिकेवर आहे. स्वयंपाकाच्या तुकड्याला मात्र न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी चारीनं जातं, त्यावर अळू आणि शेवगा आहे. एवढं करून जे पिकतं ते ताटात येतं. अशा ताटाला आपण पनीर नाही म्हणून नाकारतो, तेव्हा आपण त्या माणसाला पहिल्या जागेच्या मालकासारखं व्हायला सांगतो. तिथली कॅरेट कुणी आणायला लावली, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो. माझी सूनच पहिल्या जागी मुलीसाठी नूडल्स आहेत का, असं विचारून गेली होती.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण सप्टेंबर २०२० मध्ये आलं. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते, वैयक्तिक शेतकऱ्याला किमान एक एकर जमीन लागते. हे चांगलंच झालं. पण जमीन असणं आणि त्या जमिनीतलं ताटात येणं यांत फरक आहे, तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. माझी मागणी साधी आहे. शेतातलं जेवण म्हणून जाहिरात करणाऱ्या प्रत्येक मुक्कामाच्या जागेनं दारावर रोज एक पाटी लावावी: आज वावरातलं काय, गावातलं काय, बाजारातलं काय. बाजारातलं जास्त असेल तर जास्त लिहावं, त्यात लाज नाही. सगळंच वावरातलं असावं असं माझं म्हणणं मुळीच नाही. मीठ कुणाच्या वावरात पिकतं? संचालनालयानं नोंदणीच्या वेळी एवढी एक अट घातली तर पाटी आणि खडू यांच्यापलीकडे कुणाला खर्च नाही. आणि आपल्या वृत्तपत्रानं अशा जागांची माहिती छापताना खोल्या किती, तरणतलाव आहे का, याच्या आधी पाटी आहे का ते विचारावं, ही विनंती.

एक गोष्ट हंगामाची. १६ मे हा जागतिक कृषी पर्यटन दिन म्हणून साजरा होतो. त्या वेळी आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि वावरात जनावरसुद्धा उभं राहत नाही. खान्देशचं वावर पाहायचं तर कार्तिकापासून माघापर्यंत यावं. तेव्हा वांगी, पात, तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, दादरचा हुरडा सगळं असतं. उन्हाळ्यात आलात तर वाळवणाचे दिवस असतात. बिबडे, कुरडया, मुगवड्या, काचऱ्या आणि चिंचेच्या सावलीत दुपार. तेही वावरातलंच, फक्त वाळवलेलं. भेंडी माघात मागू नये आणि मेथी वैशाखात मागू नये, एवढं आपल्या आज्यांना कळत होतं, ते आपल्याला कळायला हरकत नाही.

जेवणाच्या दरात घासाघीस करू नका, हेही सांगतो. भाव पाडणं मी ३१ वर्षं जवळून पाहिलं आहे.

आम्ही ज्या सकाळी निघालो त्या सकाळी पाटीवर मेथी आली होती. सुनेनं जुडी मागितली तर ताईंनी दिली, पण मोजकी, दुपारच्या पाहुण्यांचं ठेवून.

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या कुटुंबाला तिथं पाठवायचं म्हणून मी फोन केला. ताई म्हणाल्या, ‘आप्पा, वांगी सरली आता. गिलके आहेत, शेवग्याच्या शेंगा आहेत. भरीत मिळणार नाही म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा.’ मी शेजाऱ्यांना तसं सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि शनिवारची एसटी पकडतो म्हणाले.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी, जळगाव